वाचक विचारतात : अ‍ॅक्च्युअरीचं एम.एस्सी., द्राक्षाचा विमा आणि भांडीबाजारातलं पाणी

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की विमा, व्याज, शक्यता, यातलं काहीही विचारा. विचारलंत. निम्म्या पत्रांत एकच प्रश्न आहे, ‘पगार किती मिळतो?’ त्याचं उत्तर आकड्यात देत नाही, त्या प्रश्नाकडे कसं पाहावं ते पहिल्या पत्राच्या ओघात येईल. नव्या वाचकांसाठी माझी ओळख : जन्म नाशिकचा, सव्वीस वर्षं मुंबईत आयुर्विम्यातली अ‍ॅक्च्युअरी, म्हणजे विम्यातले धोके आणि हप्ते गणिताने मोजणारी. त्यातली पहिली चार वर्षं पंचवटी एक्स्प्रेसचा पास काढून रोजची ये-जा. मधे एक वर्ष एडिनबरोत एम.एस्सी. आता गंगापूर रोडला राहते आणि सकाळी गोदापार्कवर चालते. तिथे गाठून प्रश्न विचारणाऱ्यांना विनंती, पत्र लिहा. चालताना मला दम लागतो.

प्रश्न : ताई, मी टी.वाय.बी.एस्सी.ला आहे, विषय संख्याशास्त्र. मला पुढे फायनान्शियल अँड अ‍ॅक्च्युअरियल मॅथेमॅटिक्समध्ये मास्टर्स करायचं आहे. सीनियर म्हणतात, मास्टर्स म्हणजे वेळ वाया, सरळ इन्स्टिट्यूटच्या परीक्षा दे. एका क्लासच्या बोर्डवर तर पास झालेल्या मुलाचं पॅकेजच छापलंय. मला मेझर थिअरीची (शक्यता मापण्यामागच्या अमूर्त गणिताची) भीती वाटते. आणि मास्टर्स झालं की मी अ‍ॅक्च्युअरी होते ना? (कॉलेज रोड, नाशिक)

शेवटून सुरुवात करते. नाही होत. आपल्याकडे २००६ चा अ‍ॅक्च्युअरीज अ‍ॅक्ट आहे आणि त्याखाली इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅक्च्युअरीज ऑफ इंडिया आहे. त्याआधी १९४४ पासून अ‍ॅक्च्युअरियल सोसायटी होती. या संस्थेची फेलो, म्हणजे पूर्ण अ‍ॅक्च्युअरी, व्हायचं तर तिच्याच परीक्षा द्याव्या लागतात. आधी ‘एसेट’ ही प्रवेश परीक्षा, मग डझनभर पेपर, आणि नोकरी सांभाळून ते संपवायला भल्याभल्यांना सहा-आठ वर्षं लागतात. मास्टर्सची पदवी कितीही मोठ्या विद्यापीठाची असली तरी ती या पायऱ्यांच्या शेजारी उभी राहते, जागी नाही. ब्रिटनमधल्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमात चांगले गुण पडले तर तिथल्या संस्थेच्या सुरुवातीच्या काही पेपरांतून सूट मिळते. पण ती सूट आपल्या संस्थेत कशी धरतात ते फी भरण्याआधी लेखी विचारून घे. तोंडी नको.

मग तुझे सीनियर बरोबर? अर्धे. सूत्र वापरायला परीक्षा पुरते. सूत्र कुठून आलं आणि कुठे मोडतं हे पाहायला फुरसत लागते, आणि नोकरी करत परीक्षा देणाऱ्याकडे नेमकी तीच नसते. मला ती एडिनबरोत मिळाली. तिथे १७४४ मध्ये पाद्र्यांच्या विधवांसाठी एक फंड निघाला होता. रॉबर्ट वॉलेस आणि अलेक्झांडर वेब्स्टर या दोन पाद्र्यांनी हिशेब मांडला आणि गणिती कॉलिन मॅक्लॉरिनने त्यांना मदत केली. हयात पाद्री कायम ९३०, वर्षाला मरणार २७, त्यांतले १८ मागे विधवा ठेवणार. आमच्या मास्तरांनी पहिल्याच तासाला हे तीन आकडे फळ्यावर लिहून विचारलं, यात मोलाचा कोणता? आम्ही सगळे एका सुरात १८ म्हणालो, पैसे त्यांनाच तर द्यायचे. मास्तर म्हणाले, ९३०. किती मेले हे चर्चची घंटा वाजवणाराही सांगतो. कितींपैकी मेले, ते सांगा.

परत आल्यावर सुट्टीत माझ्या डोक्यात एक खूळ शिरलं. पंचवटीत आमचे तीर्थोपाध्याय आहेत, त्यांच्या चोपड्यांत आमच्या सात पिढ्या आहेत. मला वाटलं, अशा शेकडो घराण्यांच्या नोंदी आहेत, यातून जुन्या काळची मृत्युसारणी, म्हणजे कुठल्या वयात किती जण जातात याचा तक्ता, काढता येईल! गुरुजी भले. दोन दुपारी त्यांनी लाल कापडातल्या चोपड्या सोडून दाखवल्या. तिसऱ्या दुपारी माझा उत्साह मावळला. चोपडीत नाव येतं ते कुणी रामकुंडावर क्रियेला आलं की. जो आलाच नाही, ज्याचं घराणं खुंटलं, पाळण्यातच गेलेली पोरं, लग्न होऊन गेलेल्या मुली, यांतलं कुणीच त्यात धड सापडत नाही. अपूर्णांकातला अंश होता, छेद नव्हता. धूमकेतूवाल्या एडमंड हॅलीलाही ब्रेस्लाउ (आजचं पोलंडमधलं व्रोत्स्वाफ) शहराची सारणी करताना (१६९३) हीच अडचण आली होती. कास्पर नॉयमान नावाच्या पाद्र्याने जमवलेल्या जन्ममृत्यूच्या नोंदी हाताशी होत्या, पण शहरात वयावार माणसं किती ते ठाऊक नव्हतं. त्याने शहराची लोकसंख्या स्थिर आहे असं धरलं आणि मरणांवरूनच जिवंतांची संख्या रचली. ते धरणं योग्य होतं का, यावर आम्ही वर्गात एक अख्खा आठवडा भांडलो. परीक्षेत यावर दोन गुणांचाही प्रश्न येत नाही.

आता क्लासचा बोर्ड. पॅकेज खरं असेल, मुलगाही खरा असेल. त्याच्याबरोबर त्या वर्षी क्लासला किती बसले होते, आणि पहिल्या दोन पेपरांनंतर किती जणांनी नाद सोडला? बोर्डवर ते नसतं. तू जाऊन विचार. चहा देऊन बसवतील आणि विषय बदलतील.

मेझर थिअरीचं म्हणशील तर मला ती पंचवटी एक्स्प्रेसच्या डब्यात कळली. नाशिकरोडला बसताना मला एवढंच माहीत असायचं की गाडी वेळेवर सुटली. इगतपुरीला आणखी थोडं कळायचं, कसाऱ्याला घाटात किती वेळ गेला तेही. माहितीची यादी वाढत जाते, खोडली काहीच जात नाही. या वाढत जाणाऱ्या याद्यांना पुस्तकात फिल्ट्रेशन म्हणतात. इगतपुरीला बसून, तोवर कळलेलं सगळं जमेला धरून, दादरला किती वाजता उतरू याचा जो सरासरी अंदाज करतो तो कंडिशनल एक्स्पेक्टेशन. कसाऱ्याला तो अंदाज बदलेल, पण कुठल्या बाजूला बदलेल हे इगतपुरीला सांगता येत असेल तर इगतपुरीचा अंदाजच चुकीचा होता. हे शेवटचं वाक्य समजलं तर तुला मार्टिंगेल, म्हणजे असा कुठल्याच बाजूला न झुकणारा अंदाज, समजलं. बाकी सगळी नोटेशनची भीती. टी.वाय.चं रिअल अ‍ॅनालिसिस मात्र गाइडवर काढू नकोस, तिथे काढलेली पळवाट पुढे महागात पडते.

तुझ्या जागी मी असते तर याच वर्षी एसेट दिली असती, मग सीएस-१ आणि सीएम-१ असे दोन पेपर. पहिल्यात तुझंच संख्याशास्त्र आहे, दुसऱ्यात चक्रवाढ व्याज, वर्षासनं, मृत्युसारणी. दोन्ही करताना मजा आली तर मास्टर्सचा विचार कर. नुसती पास झालीस पण मजा आली नाही, तर डेटाच्या कामाला जा, तिथेही तुझी गरज आहे.

प्रश्न : मॅडम, ‘फायनान्शियल’ आणि ‘अ‍ॅक्च्युअरियल’ ही दोन नावं एकाच डिग्रीत का जोडतात? दोन्हीत पैसे आणि प्रोबॅबिलिटीच असते ना? (इंजिनीअरिंगचा विद्यार्थी, सिडको)

असते, पण दोघांचं प्रोबॅबिलिटीशी नातं वेगळं आहे. लासलगावचा कांदा घे.

आज भाव क्विंटलला २००० रुपये. समज, महिन्याने तो २५०० तरी होईल किंवा १५०० तरी, तिसरं काही नाही. मी तुला एक कागद विकते : महिन्याने माझ्याकडून एक क्विंटल २००० ला घेण्याचा हक्क. भाव चढला तर तुला ५०० सुटतात, पडला तर तू कागद फाडून टाकतोस. या कागदाची किंमत किती?

विम्यातला माणूस लगेच विचारेल, भाव चढण्याची शक्यता किती? अर्धीअर्धी असेल तर ५०० चे निम्मे, २५०. नव्वद टक्के असेल तर ४५०. कुठल्याही व्यापाऱ्यालाही असंच वाटेल.

आता हे बघ. मी अर्धा क्विंटल कांदा आजच घेते, १००० ला. त्यातले ७५० उसने (व्याज तूर्त सोडून दे), २५० माझ्या खिशातले. भाव २५०० झाला तर माझा अर्धा क्विंटल १२५० चा, उसने फेडून हाती ५००. भाव १५०० झाला तर ७५० चा, उसने फेडून हाती शून्य. म्हणजे २५० रुपयांत मी तो कागदच घरी बनवला! मग त्याची किंमत २५०, भाव चढण्याची शक्यता नव्वद टक्के असो की दहा. तू तो ४५० ला घ्यायला तयार असशील तर मी आनंदाने विकेन, २५० चा कांदा-उसनवारीचा खेळ करून ठेवेन आणि २०० रुपये बिनधोक खिशात घालेन.

पहिल्यांदा हे वाचून ‘यात काहीतरी चलाखी आहे’ असं वाटलं नाही तर पुन्हा वाच. मला दोन दिवस झोप लागली नव्हती. हेच पाऊल बारीक करत नेलं, महिन्याऐवजी दिवस, तास, क्षण, की इतोचं कॅल्क्युलस (क्षणोक्षणी हेलकावणाऱ्या भावांचं गणित) लागतं आणि तू अशा कागदांची किंमत काढणाऱ्या १९७३ च्या ब्लॅक-शोल्स सूत्रापाशी येतोस. शोल्स आणि त्याच कामात भर घालणारे मर्टन यांना १९९७ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ब्लॅक दोन वर्षं आधी वारले होते. गंमत अशी की बाशेलिए नावाच्या फ्रेंच माणसाने १९०० सालीच शेअरबाजारावर प्रबंध लिहून यातलं बरंच गणित मांडलं होतं, आणि कितीतरी दशकं कुणी त्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

आता खोच. हे जमलं कारण कांदा बाजारात विकत मिळतो. माझं उरलेलं आयुष्य अर्धा क्विंटल मिळतं का? तुझ्या वडिलांच्या हृदयविकाराचा धोका मी बाजारातून उचलून कांद्याच्या चाळीत ठेवू शकते का? नाही. तिथे दुसरीच युक्ती लागते, लाख माणसं एकत्र आणायची. एक माणूस कधी जाईल ते कुणीच सांगू शकत नाही, लाखांतले किती जातील ते बरंच जवळ सांगता येतं. तिशीतल्या विमाधारकांत वर्षाला साधारण हजारी एक. म्हणून एक कोटीच्या टर्म विम्याची त्या एका वर्षाची कच्ची किंमत दहा हजारांच्या आसपास निघते, मग त्यात खर्च, व्याज, वैद्यकीय तपासणीची चाळणी वगैरे. इथे प्रोबॅबिलिटीवाचून पान हलत नाही.

आणि दोन्ही एकाच डिग्रीत का, तर खऱ्या पॉलिसीत दोन्ही एकत्र असतात म्हणून. युलिपमध्ये, म्हणजे शेअरबाजाराशी जोडलेल्या विम्यात, ‘बाजार पडला तरी भरलेले पैसे परत’ असं वचन दिलं, की बाजाराचा भाग कांद्यासारखा सांभाळायचा आणि मरणाचा भाग लाखांच्या गर्दीने. एकच गणित येणारा माणूस तिथे अर्धा आंधळा असतो. (माझ्या कांद्यात कुजणं, घट आणि गाडीभाडं धरलेलं नाही हे मला माहीत आहे. लासलगावच्या वाचकांनी पत्रं पाठवू नयेत.)

प्रश्न : ताई, स.न.वि.वि. मी निफाड तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. बाग फुलोऱ्यात असताना पाऊस झाला, घड जिरले, कुजले. विमा काढला होता. पण मंडळाचं हवामान केंद्र लांबच्या गावात, तिथं पाऊस कमी नोंदला, म्हणून आम्हाला छदामही नाही. आणि आता माझीच लेक म्हणते, विमा कंपनीत हिशेब मांडायचं शिक्षण घ्यायला इंग्लंडला जायचंय, ३० लाखांचं कर्ज काढा. दोन गोष्टी सांगा. हे लबाडीचं शिक्षण आहे का? आणि कर्ज काढू का?

दादा, नमस्कार. पहिला प्रश्न तुम्ही रागाने विचारलात, पण तो चांगला आहे.

तुमचा विमा तुमच्या बागेचा नव्हताच. तो त्या केंद्राच्या पर्जन्यमापकाचा होता. अमुक तारखांत अमुक मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला तर अमुक रुपये, असा तो सौदा. तुमच्या बांधावर काय झालं हे त्यात कुणी पाहतच नाही. हवामान केंद्राची नोंद आणि शेतातलं नुकसान यांच्यात जो फरक राहतो त्याला आमच्या धंद्यात बेसिस रिस्क म्हणतात. कधी केंद्रावर पाऊस आणि बागेत ऊन, तेव्हा नुकसान नसताना पैसे येतात. त्याची पत्रं मला येत नाहीत, हेही सांगून टाकते.

असा सौदा का केला? हजारो बागा फिरून घड मोजायचे तर माणसं, वेळ आणि वाद एवढे लागतात की पैसे मिळेपर्यंत पुढची छाटणी येते. शिवाय बागेचंच नुकसान भरून द्यायचं ठरलं तर काही जण औषध मारायला पहाटे उठणार नाहीत, अशी विमा देणाऱ्याला धास्ती. केंद्राच्या आकड्याशी कुणी सहजी खेळू शकत नाही, म्हणून तो स्वस्त आणि झटपट. फळपिकांत शेतकऱ्याने भरायचा हिस्सा साधारण ५ टक्के असतो, वरचं सरकार भरतं. हे सगळं टेबलावर मांडलं की पटतं. तुमच्या बागेत उभं राहून मला ते पटणार नाही, आणि मी या धंद्यात आयुष्य काढलंय. माझं मत विचाराल तर दोष गणिताचा कमी, केंद्रांमधल्या अंतराचा जास्त. अवकाळी पाऊस शिवेवरून तुटतो, हे निफाडमध्ये शेंबड्या पोरालाही कळतं. केंद्रं किती अंतरावर असली म्हणजे नोंद आणि नुकसान यांचा मेळ बसतो, हे काढायचं गणित आहे. तुमची लेक जे शिकू म्हणते त्यात ते येतं. लबाडी त्यात नाही. विमा विकताना हे कुणी तुम्हाला समजावून दिलं नाही, ती लबाडी म्हणा हवं तर.

आता कर्ज. १०.५ टक्के दर धरू. शिक्षणाचं एक वर्ष आणि नोकरी शोधायचं एक वर्ष हप्ता नाही, पण व्याज चालू. ३० लाखांवर दोन वर्षांचं सरळव्याज ६ लाख ३० हजार. मग ३६ लाख ३० हजारांवर दहा वर्षांचा हप्ता बसतो, महिन्याला सुमारे ४९,०००. त्याऐवजी त्या दोन वर्षांत तुम्ही नुसतं व्याज भरत गेलात, महिन्याला २६,२५०, तर पुढचा हप्ता ४०,५०० च्या आसपास येतो आणि एकूणात चारेक लाख वाचतात. पण ते २६,२५० ज्या वर्षी फुलोऱ्यात पाऊस येईल त्या वर्षीही भरायचे आहेत. हे तुमच्या घरातल्या कुणी मोठ्याने बोलून दाखवलंय का?

लेकीला तिकडे नोकरी मिळाली तर हा हप्ता जड नाही. न मिळता परत आली तर इथल्या सुरुवातीच्या पगारात तो तिचा श्वास कोंडेल. या दोन्हींची शक्यता किती ते मी इथून सांगू शकत नाही, पण ती थोडी मोजता येते. आधी तिला इथेच एसेट आणि दोन पेपर पास होऊ दे. त्याचा खर्च हजारांत आहे, लाखांत नाही. ती पास झाली तर तिकडे टिकण्याची शक्यता वाढली, नापास झाली तर तुम्ही ३० लाख वाचवले. आणि इंग्लंडच का, हेही विचारा. पुणे विद्यापीठात संख्याशास्त्राचं एम.एस्सी. आहे. जॅम ही एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा देऊन आय.आय.टी.त जाता येतं. व्हिएन्नाच्या तांत्रिक विद्यापीठात तर विमा आणि वित्तगणिताचा दोन वर्षांचा मास्टर्सच आहे, आणि तिथल्या सरकारी विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्याची फी सत्राला साडेसातशे युरोंच्या आतबाहेर. राहण्याखाण्याचा खर्च वेगळा, आणि जर्मन किती लागेल ते तिने आधी पाहावं. पण ३० लाखांचा आकडा तिने कुठल्या एजंटाकडून आणलाय का, एवढं विचाराच.

बाग गहाण ठेवू नका. हे मी अ‍ॅक्च्युअरी म्हणून नाही, नाशिकची म्हणून सांगते.

प्रश्न : वय ३४, बँकेत क्लार्क, बी.कॉम. बारावीला गणित होतं. आता सुरुवात केली तर उशीर झाला का? (नाशिकरोड)

मास्टर्सला झाला. तुमच्या बी.कॉम.वर असं मास्टर्स देणारं चांगलं विद्यापीठ सापडणं कठीण, आणि मधलं तीन वर्षांचं गणित कुणी तुम्हाला भरून देणार नाही. परीक्षांना उशीर झालेला नाही. मी पहिला पेपर तिसऱ्या खेपेला सोडवला, तोही इगतपुरी ते कसारा या टप्प्यात अभ्यास करून, कारण बाकी वेळ डब्यात भाजी निवडणं आणि भिशीचे हिशेब चालायचे.

आणि बँकेतली एक सवय तुमच्या कामी येईल. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एका योजनेचे हप्त्याचे दर काढले. पानंच्या पानं, सगळं जुळलेलं. साहेबांनी एक ओळ निवडली, वय ५२, पेन्सिलने पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर पाच मिनिटं काहीतरी केलं आणि म्हणाले, “बाई, तुमचे लोक सहा महिन्यांनी तरुण आहेत.” अर्जात पूर्ण झालेलं वय भरायचं होतं. बावन्न पूर्ण झालेला माणूस सरासरीने साडेबावन्नचा असतो, आणि मी मृत्युदर बरोबर बावन्नचा घेतला होता. त्या वयात मृत्युदर वर्षाला नऊ-दहा टक्क्यांनी चढतो. गॉम्पर्ट्झ या इंग्रज गणितीने १८२५ मध्ये ही चाल दाखवली होती आणि मला ती तोंडपाठ होती! अर्ध्या वर्षाने दर पाच टक्क्यांनी कमी लागले असते, लाखभर पॉलिस्यांवर. कॅश जुळली नाही तर तुम्ही रात्री आठपर्यंत थांबता ना, ते थांबणं घेऊन या.

प्रश्न : आमचं भांडीबाजारात दुकान आहे, मी १९९० पासून बसतो. विम्याचा माणूस म्हणाला, असा पूर पन्नास वर्षांतून एकदा. माझ्या दुकानात २००८, २०१६ आणि २०१९ असं तीनदा पाणी शिरलं. तो खोटं बोलतोय की गोदामाई?

गोदामाईवर संशय नको.

आधी ‘पन्नास वर्षांतून एकदा’चा अर्थ. एक पूर आला की पुढची एकोणपन्नास वर्षं सुट्टी, असा तो नाही. दरवर्षी दोन टक्के शक्यता, मागच्या वर्षी आला असो की नसो. तीस वर्षं दुकान चालवलं तर एकदा तरी पाणी शिरण्याची शक्यता ४५ टक्के होते. हे गिऱ्हाइकाला सांगितलं तर हप्ता वाढवून मागता येतो, तरी ते सांगत नाहीत, याचं मला आश्चर्य वाटतं.

आता तुमचे तीन पूर. २००८ ते २०१९ ही बारा वर्षं. दोन टक्के खरे असतील तर बारा वर्षांत तीन किंवा जास्त पूर येण्याची शक्यता साडेसहाशेत एक. मग तो माणूस चुकीचा ठरतो. पण थांबा, ही बारा वर्षं तुम्ही निवडलीत कशी? पाणी आलं तिथून मोजायला सुरुवात केली आणि पाणी आलं तिथे थांबलात. तुम्ही बसता १९९० पासून. तीस वर्षं धरली तर तीच शक्यता सुमारे सेहेचाळिसात एक होते. अजूनही त्याच्या आकड्यावर माझा विश्वास बसत नाही, पण आता मी त्याला खोटारडा म्हणणार नाही. नदीकाठची बांधकामं, गंगापूर धरणातून सोडायच्या पाण्याच्या वेळा, पावसाची बदललेली तऱ्हा, यांमुळे त्याचे पन्नास आता वीस-पंचवीस झाले असतील. युरोपात विमा कंपनीने दोनशे वर्षांतून एकदा येणाऱ्या वाईट वर्षात टिकेल एवढं भांडवल ठेवायचं, असा नियम २०१६ पासून आहे. तिथेही सगळी मारामारी याच प्रश्नाची, की दोनशे हे कशावरून?

आपल्याकडे निदान एक जुनं माप आहे. पाणी गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला, कमरेला की छातीला, हे नाशिककर पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत. तुमच्या दुकानात पाणी शिरतं तेव्हा ते मारुतीच्या कुठे असतं, हे तुम्हाला नक्की ठाऊक असणार. तुमच्या वडिलांच्या आणि आजोबांच्या वह्यांत दुकानात पाणी आल्याच्या तारखा असतील तर मला पाठवा, १९६९ च्या पुराची असेल तर फारच बरं. आणि पाणी आलं नाही तीही वर्षं लिहून पाठवा.